रामनाथ चुरी, सदस्य, शुल्क सल्लागार समिती

चिखल्याच्या रामनाथ चुरींना फक्त एक प्रश्न विचारायचा होता. मुलीच्या कॉलेजची फी वर्षाच्या मधेच अडतीस हजारांनी का वाढली, एवढाच. सकाळी जायचं, प्रश्न विचारायचा, उत्तर घ्यायचं आणि दुपारी घरी येऊन बोंबलाच्या कालवणावर बसायचं, असा साधा बेत होता. प्रत्यक्षात उत्तर मिळायला दहा दिवस लागले, आणि ते मिळालं तोवर रामनाथ स्वतःच फीवाढीचं एक कारण होऊन बसले होते. कालवण तर पहिल्याच दिवशी मांजराने खाल्लं.

२०१९ च्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मयुराच्या मोबाइलवर ग्लोबलचा मेसेज आला. ग्लोबल म्हणजे डहाणूहून तलासरीकडे जाताना भाताच्या खाचरांमध्ये जी पाच मजली काचेची इमारत अचानक उभी राहते, ते विद्यापीठ. त्याचं पूर्ण नाव बरंच लांब आहे. ते फक्त पावतीवर मावतं. मेसेजची सुरुवात 'प्रिय भागधारक' अशी होती. ते वाचून रामनाथना क्षणभर बरं वाटलं, कारण भागधारक म्हटल्यावर माणसाला काहीतरी मिळतं अशी त्यांची समजूत होती.

खाली तीन ओळी होत्या. भूकंप सुरक्षा शुल्क, साडेसहा हजार. हे एक वेळ कळण्यासारखं होतं. नोव्हेंबरपासून तलासरीच्या बाजूला जमीन अधूनमधून हलत होती आणि पाड्यांवरची माणसं थंडीत घराबाहेर निजत होती. दुसरी ओळ, आंतरराष्ट्रीय वातावरण शुल्क, साडेनऊ हजार. ते मयुराने समजावलं : गेटवर चौदा देशांचे झेंडे लावलेत. आणि तिसरी, नेतृत्व विकास निधी, बावीस हजार. ही काय भानगड आहे ते मयुरालाही सांगता येईना, आणि ती तर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती.

"पंधरा फेब्रुवारीच्या आत नाही भरली तर परीक्षेचा फॉर्म घेणार नाहीत, पप्पा. वर्ष जाईल."

"बँकेत विचारू."

"आधीचं कर्ज आहे ना अजून. मी मांडून बघितलंय. आत्ताचं फिटेल तेव्हा मी पस्तीस वर्षांची असेन. हे नवीन धरलं तर एक्केचाळीस. तेव्हा माझ्या मुलीची फी भरायची वेळ आलेली असेल."

"म्हणजे लग्न करणार आहेस?" स्वयंपाकघरातून तिच्या आईचा, हिरकणीचा आवाज आला. "आज पहिल्यांदा कळलं."

"नाहीतर मी कॉलेजच सोडते," मयुरा म्हणाली. "फुग्यांच्या कारखान्यात पॅकिंगला लागते."

हे ती रडून बोलली असती तर रामनाथनी समजूत घातली असती. पण सहाची एसटी चुकली तर साडेसहाची पकडते, अशा आवाजात ती बोलली. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि प्रश्न विचारायला निघाले.

ग्लोबलमध्ये प्रश्नांसाठी वेगळी खिडकी होती. खिडकीत विनिता नावाची मसोलीची मुलगी बसायची.

"शंका आहे? मग शंका-अर्ज घ्या. शंभर रुपये."

"प्रश्न विचारायचे पैसे?"

"प्रश्न फुकट आहे, काका. पैसे अर्जाचे."

"आणि उत्तराचे किती?"

"उत्तर अजून कोणाला मिळालेलं नाही. त्यामुळे दर ठरलेला नाही." मग तिने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "माझा चार महिने पगार झालेला नाही. उत्तर मिळालंच तर एक प्रत मला पण द्या."

रामनाथनी अर्ज भरला. अर्जात 'शंकेचे स्वरूप : सौम्य / मध्यम / तीव्र' असा रकाना होता. त्यांनी भिडस्तपणे 'मध्यम'वर खूण केली. मध्यम शंकांना पंचेचाळीस दिवस लागतात, हे त्यांना पावती फाडून झाल्यावर कळलं.

घरी परत आले तर ओट्यावर जतीन बसलेला. हा शेजारचाच, चिकूचा व्यापारी. घरी गुजराती, बाजारात मराठी, आणि सल्ला देताना दोन्ही. जतीनने आयुष्यात कोणाला सल्ल्याशिवाय परत पाठवलेलं नाही. आणि तो स्वतःच दुसऱ्याच्या ओट्यावर येऊन बसत असल्यामुळे परत जाण्याचा प्रश्नही येत नाही.

"अर्जाने सूं होते, रामनाथभाई? कागद जाते फाइलमध्ये. तुमी सीधा डायरेक्टरसाहेबकडे जावा ने. आणि हात हलवत नको. वाडीतला चिकू न्या. सरकारी साहेब असो का प्रायवेट, चिकूला कोण नाय बोलत नाय."

हे मात्र रामनाथना पटलं. पहिल्या प्रतीचा माल घरी न ठेवता वानोळा म्हणून द्यायचा, ही चुरींच्या घरातली तीन पिढ्यांची पद्धत. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी वाडीतल्या सर्वांत जुन्या झाडाचे, मुठीत न मावणारे साठ चिकू उतरवले, पुसून टोपलीत रचले, वर चिकूचीच पानं टाकली आणि तडक ग्लोबल गाठलं.

आता चिखल्यात रांगत्या पोरालाही माहीत असतं की झाडावरून उतरवलेला चिकू दगडासारखा असतो, आणि चार-पाच दिवस गवतात निजवल्याशिवाय त्याला हात लावायचा नसतो. चिकू देताना कोणी कोणाला हे सांगत नाही, जसं नारळ देताना 'सोलून खा' म्हणून सांगत नाहीत. पण डायरेक्टरसाहेब चिखल्याचे नव्हते. ते मुंबईचे, त्याआधी दुबईचे, आणि शिक्षणक्षेत्रात येण्याच्या आधी साबणाच्या कंपनीत होते.

"वॉव! फ्रॉम द ट्री?" असं म्हणून साहेबांनी सर्वांत मोठा चिकू उचलला आणि रामनाथ तोंड उघडायच्या आत त्याचा लचका तोडला.

कच्च्या चिकूचा चीक तोंडात गेला की जीभ टाळूला चिकटते, ओठ दातांना चिकटतात आणि दात नशिबाला. साहेबांचा चेहरा हळूहळू एखाद्या चिंतन करणाऱ्या माणसासारखा झाला. त्यांनी घाईने पाणी प्यायलं. चिकावर पाणी प्यायलं की तो अधिकच बसतो. त्याला खोबरेल लागतं. पण तेही चिखल्यातल्या रांगत्या पोरांनाच माहीत.

समोरचा माणूस गप्प आहे म्हणजे तो ऐकतोय, असं रामनाथना वाटलं. घरी त्यांना ही संधी क्वचितच मिळे. ते बोलत सुटले. बावीस हजार, मयुरा, पस्तीसचं एक्केचाळीस, फुग्यांचा कारखाना, सगळं सांगितलं. अकरा मिनिटं साहेबांनी एकदाही तोडलं नाही. मधूनमधून ते मान हलवत, डोळ्यांत तर चक्क पाणी होतं. इतका हळवा डायरेक्टर रामनाथनी पाहिला नव्हता. अर्थात दुसराही पाहिला नव्हता. शेवटी साहेबांनी कागद ओढला आणि लिहिलं, 'तुम्ही समितीवर या.'

"साहेबांना कोणी नकोसं झालं की ते समिती देतात," खाली विनिताने खुलासा केला. "शुल्क सल्लागार समिती. साहेब अध्यक्ष, मुंबईचे दोन विश्वस्त, दोन पालक, आणि मी सदस्य-सचिव. पगार नाही तर निदान पद, म्हणून मला."

"दुसरे पालक कोण?"

दुसरे पालक होते सुनिल वरठा. तलासरीकडच्या एका पाड्यावर त्यांची थोडी भातशेती, आणि हंगामात वाड्यांवर मजुरी. त्यांची सुषमा मयुराच्याच वर्गात होती. सुषमाची शिष्यवृत्ती सरकारकडून यायची होती, आणि ती येईपर्यंत फी पालकाने भरावी, असं ग्लोबलचं म्हणणं. सुनिल रोज सकाळी येऊन शंकेच्या खिडकीसमोर नुसते उभे राहायचे. अर्ज घ्यायचे नाहीत, बोलायचे नाहीत. आठ दिवस असा माणूस समोर उभा राहिला की ऑफिसला अर्जांपेक्षा जास्त त्रास होतो. म्हणून त्यांनाही समिती मिळाली.

समितीवर जाताना हिरकणीने लग्नातला कोट काढून दिला. त्याचं बटण आता फक्त श्वास रोखून लागत होतं, त्यामुळे रामनाथ कमी बोलणारे, भारदस्त वाटत होते. बैठकीच्या खोलीत त्यांच्यासाठी चाकांची खुर्ची होती, आणि समोर पितळी पाटी : 'श्री. रामनाथ चुरी, सदस्य'. शेजारी तशीच दुसरी : 'श्री. सुनिल वरठा, सदस्य'. इथे रामनाथसमोर एक अडचण उभी राहिली. वाडीवर ते सुनिलच्या वयाच्या मजुराला सरळ 'अरे' म्हणत. पण पाटीवर दोघांनाही सारखाच 'श्री.' होता, आणि अक्षरंही सारख्याच मापाची. मग त्यांनी पूर्ण बैठकभर 'पाणी हवं का', 'पान उलटायचं का', अशी ज्यात समोरचा कोणीच नसतो अशी वाक्यं वापरून वेळ मारून नेली.

खुर्ची मात्र झकास होती. पायाने जरा रेटलं की ती मागे जायची, आणि पुढे यायला टेबल धरावं लागायचं. रामनाथनी हे चार-पाच वेळा तपासून पाहिलं.

मग अंदाजपत्रक वाटलं गेलं. चौदाव्या पानावर डायरेक्टरसाहेबांचं मानधन होतं. मूळ वेतन, त्याखाली शोफरसह गाडी, त्याखाली समुद्रदर्शनी बंगला, त्याखाली दुर्गम भाग भत्ता.

"दूरदृष्टी भत्ता, हा कसला?" सुनिलनी ओळीवर बोट ठेवलं.

"संस्था पंचवीस वर्षांनी कुठे असेल, ते बघावं लागतं," साहेब म्हणाले. त्यांची जीभ एव्हाना सुटली होती.

"रोज बघावं लागतं?"

"दरमहा," विनिताने कागदातून वर न पाहता सांगितलं.

पानाच्या तळाशी वर्षाची बेरीज होती : एक कोटी बारा लाख. रामनाथना झाडाकडे एकदा पाहिलं की किती चिकू उतरतील ते सांगता येतं. ग्लोबलमध्ये मुलं पाचशे नऊ. प्रत्येकाचे बावीस हजार. त्यांनी डोळे मिटून गुणाकार केला. एक कोटी, अकरा लाख, अठ्ठ्याण्णव हजार. म्हणजे नेतृत्व विकास निधी हा इथे विकसित होत होता तर! प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. वरचे दोन हजार साहेबांनी कुठून उभे केले असतील, याची मात्र त्यांना उगीच काळजी लागून राहिली.

"म्हणजे सगळी वाढ तुमच्याच पगाराची?" रामनाथनी विचारलं. श्वास सुटला आणि कोटाचं बटण उडून विश्वस्तांच्या दिशेने गेलं.

"मिस्टर चुरी, बाजारात माझ्या लेव्हलच्या माणसाला याहून जास्त मिळतं. मी इथे त्याग करतोय."

बाजार म्हटल्यावर रामनाथनी नकळत मान डोलावली. चिकूचा भावही बाजारच ठरवतो. फरक इतकाच, की चिकूला स्वतःचा भाव स्वतः सांगायची सोय नाही.

आणि मग त्यांनी पान उलटलं. शेवटची नोंद होती, 'पालक सहभाग : अकरा लाख एकोणीस हजार आठशे'. चाकांच्या खुर्च्या, पितळी पाट्या, सदस्यांचं मानधन, पालक विश्रांती कक्ष, त्या कक्षाचं उद्घाटन, पालकांचा सिंगापूर अभ्यासदौरा (मंजुरीच्या प्रतीक्षेत). दर विद्यार्थी दोन हजार दोनशे. रामनाथनी हळूच खुर्चीखाली पाहिलं. ते नेमक्या त्याच खर्चावर बसले होते.

त्यांनी हरकत घेण्यासाठी टेबल धरायला हात पुढे केला, पण खुर्ची मागे गेली. ते भिंतीला टेकेपर्यंत साहेबांनी 'ओके, नोटेड' म्हणून बैठक संपवली होती.

संध्याकाळी पाचशे नऊ मोबाइलवर एकदम मेसेज आला : 'पालक प्रतिनिधींच्या सक्रिय सहभागामुळे शुल्कात रु. २,२००/- ची सुधारणा करण्यात येत आहे.' खाली रामनाथचा खुर्चीतला फोटो. फोटो चांगला आला होता, हे त्यातल्या त्यात वाईट.

"रामनाथभाई," जतीन ओट्यावर बसत म्हणाला, "तुमी फी कमी करायला गेलता का वाढवायला? एकदा बोला म्हंजे मला सल्ला द्यायला बरा."

हिरकणीने जेवताना एवढंच विचारलं, "खुर्चीला चाकं होती म्हणता. मग वेळेवर मागे येता आलं नाही?"

"मागेच गेलो होतो!" रामनाथ कळवळून म्हणाले. पण हे वाक्य त्यांच्या बाजूने नाही, हे बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी मयुराने कपाटातून पुस्तकं काढली, पुसली आणि सुतळीने बांधून ठेवली. विचारलं तर म्हणाली, "धूळ बसते." गावातले दोन पालक समोरून येताना रस्ता ओलांडून पलीकडे गेले, आणि त्या रस्त्याला पलीकडची बाजू नाही, तिथे गटार आहे. बावन्न वर्षांच्या आयुष्यात रामनाथ चुरींना पाहून माणूस गटारात उतरल्याची ही पहिलीच वेळ.

त्यांनी राजीनामा लिहून नेला. विनिताने तो वाचला, दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि परत दिला. "राजीनामा समितीच्या बैठकीतच मंजूर होतो, काका. बारा तारखेला तातडीची बैठक आहे. विषय क्रमांक चार, फीवाढीस अंतिम मंजुरी. या तुम्ही. नाही आलात तर 'अनुपस्थित सदस्यांची संमती गृहीत' असं लिहायला सांगितलंय मला."

म्हणून बारा फेब्रुवारीला रामनाथ पुन्हा गेले. या वेळी कोटाशिवाय. फॉर्म भरायला तीन दिवस उरले होते. मयुरा आणि सुषमा खाली शंकेच्या खिडकीशी, जुन्या फीइतका ड्राफ्ट आणि कोरे फॉर्म घेऊन उभ्या होत्या. बैठक पहिल्या मजल्यावर. विषय एक, मागील इतिवृत्त कायम करणे. विषय दोन, विश्वस्तांचं स्वागत. विषय तीन, भूकंप सुरक्षा, यावर साहेब स्वतः उभे राहून बोलू लागले.

"काही पालक विचारतात, साडेसहा हजार कशाचे? तर मी अभिमानाने सांगतो, पूर्ण पैसा या स्ट्रक्चरमध्ये गेलाय. बाहेर काहीही होवो. आठ रिश्टर होवो. या खोलीतला माणूस या शहरातला, आय मीन या तालुक्यातला, सगळ्यांत सुरक्षित माणूस आहे. माझी स्वतःची गॅरंटी..."

जमिनीखालून भरलेला ट्रक जावा तसा आवाज आला. टेबलावरचे सहा ग्लास एकदम बोलू लागले. भिंतीवरचं घड्याळ तिरकं झालं.

पुढच्या क्षणी गॅरंटी खोलीत नव्हती. साहेब दारातून गेले की दारच साहेबांमागे गेलं ते सांगणं कठीण. त्यांच्या पाठोपाठ दोन्ही विश्वस्त. एकाचा बूट मागे राहिला आणि थोडा वेळ एकटाच हलत होता.

रामनाथही अर्धे उठले होते.

"बसा शेट," सुनिल म्हणाले. ते खुर्चीत तसेच होते, दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवून, मिटल्या डोळ्यांनी काही ऐकत असल्यासारखे. "हा बारका हाय. आवाजावरनं कळतो. आमच्याकडं दिसाला दोन-दोन येतात."

पाड्यावरचा माणूस इतक्या खात्रीने सांगतोय म्हटल्यावर रामनाथ बसले. खुर्ची या वेळी कुठे गेली नाही, कारण त्यांनी टेबल आधीच घट्ट धरलं होतं. विनिता तर उठलीच नव्हती. आपत्तीच्या वेळी कायम कर्मचाऱ्यांनी कुठे जमायचं त्याचं परिपत्रक होतं. कंत्राटी कर्मचाऱ्यांचा त्यात उल्लेख नव्हता.

सगळं थांबलं. खिडकीतून खाली पाहिलं तर साहेब मैदानाच्या बरोबर मध्यभागी, क्रिकेटच्या पिचवर उभे. डोक्यावर अंदाजपत्रक धरलेलं. ते हातवारे करून 'बाहेर या' म्हणत होते. रामनाथनी हातवारे करून 'तुम्ही आत या' म्हटलं. साहेबांनी जोरात मान हलवली. लहान धक्क्यामागून मोठा येतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि ते त्याची वाट पाहत होते.

विनिताने घड्याळ सरळ केलं, वेळ लिहिली आणि घसा साफ केला. "नियम सात. बैठक चालू असताना अध्यक्ष निघून गेल्यास उपस्थित सदस्यांपैकी वयाने ज्येष्ठ सदस्य अध्यक्षस्थान घेतील. नियम नऊ. गणसंख्या तीन. सही साहेबांचीच आहे. विश्वस्त सहसा येत नाहीत म्हणून त्यांनी तीनच ठेवली होती."

खोलीत तीन माणसं होती. रामनाथनी दोनदा मोजली.

"वय काय?" त्यांनी सुनिलना विचारलं.

"आधार कार्डावर चव्वेचाळीस."

रामनाथ चुरी उठले, टेबलाला वळसा घालून अध्यक्षांच्या खुर्चीत बसले. ती मऊ होती, आणि तिला चाकांबरोबर पाठ चोळायचं बटणही होतं. अध्यक्षांनी ते एकदाच दाबून पाहिलं.

"विषय क्रमांक चार," विनिता म्हणाली. "फीवाढीस अंतिम मंजुरी."

"नामंजूर," अध्यक्ष म्हणाले.

"सूचक?"

"मी," सुनिल म्हणाले.

"अनुमोदक मीच होते मग," विनिता म्हणाली आणि लिहिलं. "विषय पाच. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय."

सदस्य रामनाथनी अध्यक्ष रामनाथकडे परवानगी मागितली. अध्यक्षांनी विचार करून दिली. मग दूरदृष्टी भत्ता, पंचवीस वर्षांनी संस्था कुठे आहे ते पाहून एकरकमी देण्याचं ठरलं. झेंडे राहू द्यावेत, पण वातावरणाचे पैसे घेऊ नयेत. सचिवांचा थकलेला पगार आठ दिवसांत द्यावा. या ठरावाला सचिवांनी तटस्थ राहून इतकं ठळक अक्षर काढलं की तो पुढच्या पानावरही उमटला.

"शेट, आणि आपला?" सुनिल म्हणाले. "खुर्च्या, पाट्या, मानधन. ते पण त्यातच धरलंय."

रामनाथनी पितळी पाटीकडे पाहिलं. आयुष्यात त्यांचं नाव पितळेवर पहिल्यांदाच आलं होतं. वाडीच्या फाटकावर ते खडूने होतं. मयुराची सुतळीने बांधलेली पुस्तकं त्यांना आठवली.

"पालक सहभाग, रद्द," ते म्हणाले. "लिही, विनिता. लवकर लिही. माझं मन बदलायच्या आत."

पंचवीस मिनिटांनी साहेब केस नीट करून परत आले. मागे विश्वस्त, एक बूट घातलेला आणि एक मोज्यातला. विनिताने इतिवृत्त त्यांच्यापुढे सरकवलं. वाचता वाचता साहेबांचा चेहरा पुन्हा कच्चा चिकू खाल्ल्यासारखा झाला.

"हे चालणार नाही! मी बैठकीत होतो. भूकंप झाला म्हणून बाहेर जावं लागलं!"

"असं लिहू का?" विनिताने पेन उचललं. "'विषय तीनवर बोलत असताना इमारत हलू लागल्याने अध्यक्ष बाहेर पळाले.' फक्त ते गॅरंटीचं वाक्य त्याच्या लगेच वर येतंय. इतिवृत्त सगळ्या पाचशे नऊ पालकांना जातं."

साहेब विश्वस्तांकडे बघू लागले, विश्वस्त बुटाकडे. इमारत हलली म्हणावं तर साडेसहा हजार गुणिले पाचशे नऊ गेले कुठे, हा प्रश्न आला, आणि तो मध्यम स्वरूपाचा नव्हता.

"इमारत हलली नाही," साहेब शेवटी म्हणाले. "मला फोन आला होता."

"तिघांनाही?"

"कॉन्फरन्स कॉल होता."

त्याखाली त्यांनी सही केली. विश्वस्तांनीही केली, त्यांना दुपारची गाडी होती. (पुढे जूनमध्ये साहेब गुजरातेतल्या एका विद्यापीठात दीडपट पगारावर गेले. 'पालकांच्या सहभागातून फीकपात' ही आपली आजवरची सर्वांत मोठी कामगिरी, असं त्यांनी मुलाखतीत सांगितलं म्हणतात. खोटं तरी कसं म्हणणार?)

खाली खिडकीवर विनिताने दोन्ही मुलींचे फॉर्म घेतले. मयुराचा ड्राफ्ट पाहिला, शिक्का मारला. सुषमाच्या फॉर्मवर 'शिष्यवृत्ती अपेक्षित' असं लिहिलं आणि तिथेही शिक्का मारला. मयुराने पावती दोनदा वाचली, घडी घातली, उलगडून तिसऱ्यांदा वाचली. मग "पप्पा, मी लायब्ररीत जाते," एवढंच म्हणून सुषमाचा हात धरून जवळजवळ पळतच गेली. ती एसटीच्या आवाजात बोलली नाही, हे रामनाथच्या लगेच ध्यानात आलं.

रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. रामनाथनी दोन चहा सांगितले आणि बाकड्यावर सरकून जागा केली. दोघांनी काचेच्या इमारतीकडे पाहिलं. ती उभी होती.

"सुनिलभाऊ," रामनाथ म्हणाले, आणि या वेळी त्यांनी वाक्य कुठेही वळवलं नाही, "तुम्हाला बरं आवाजावरून कळतं. मी तर पळालोच होतो. पण तुम्ही सांगितलंत बारका आहे, म्हणून जिवात जीव आला."

सुनिलनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, एक घोट घेतला.

"ते कुणाला कळतंय, शेट," ते म्हणाले. "धक्का बारका का मोठा, मला काय ठाव. फी मोठी व्हती."

रामनाथच्या हातातला चहा सांडला तो तेव्हा.